चालणारा नमुना म्हणजे तयार उपकरण नव्हे

प्रति,
मा. संपादक

महोदय,
स. न. वि. वि.

नव्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाची बातमी वृत्तपत्रात येते तेव्हा बहुधा ती त्याच्या पहिल्या नमुन्याची असते. टेबलावर ठेवलेला सर्किट बोर्ड, त्यावर लागलेला दिवा, शेजारी उभे असलेले निर्माते आणि ‘लवकरच बाजारात’ एवढे सांगून ती संपते. अशा बातम्या यायलाच हव्यात, कारण त्या वाचून कुणीतरी सोल्डरिंग आयर्न हातात घेतो. परंतु नमुना चालू होणे आणि तेच उपकरण हजारोंच्या संख्येने तयार होऊन लोकांच्या घरात वर्षानुवर्षे चालणे यांच्यामध्ये कामाचा फार मोठा पल्ला असतो आणि त्याचा उल्लेख कुठेच होत नसल्यामुळे तो नसतोच, असा समज पसरला आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनची स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करते. या समजाचा त्रास आमच्या व्यवसायातल्या लहान सल्लागारांना होतो, पण त्याहून अधिक तो ज्यांनी स्वतःची पुंजी घालून उपकरण बनवायला घेतले आहे त्यांना होतो. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

सल्ला घ्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातून आलेले असतात. तिथे चूक सापडली की ती दुरुस्त करून नवी आवृत्ती एका रात्रीत सगळ्यांपर्यंत पोहोचवता येते, त्यामुळे आधी चालू करू, मग सुधारू ही पद्धत तिथे योग्यच ठरते. बोर्डाच्या बाबतीत तसे करता येत नाही. सर्किट काढायचे, त्याचा लेआउट, म्हणजे बोर्डावरची मांडणी, करायचा, बोर्डाचा आराखडा असलेल्या गर्बर फाइल्स कारखान्याला पाठवायच्या, बोर्ड बनून येण्याची वाट पाहायची, त्यावर भाग बसवून घ्यायचे आणि त्यानंतर प्रथमच वीज देऊन पाहायची, यात काही आठवडे सहज जातात. चूक वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीत, म्हणजे ट्रॅकमध्ये, असेल तर हा सगळा फेरा पहिल्यापासून करावा लागतो. नमुन्यावर ट्रॅक ब्लेडने कापून वर बारीक वायरचा जंपर टाकता येतो, पण हजार बोर्डांवर असे जंपर टाकत बसता येत नाही. शिवाय चुका एकेकट्या येत नाहीत. पहिल्या चुकीमुळे बोर्ड चालूच होत नसेल तर तिच्यामागे दडलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चुकीचा पत्ता पुढच्या फेऱ्यापर्यंत लागत नाही, आणि म्हणूनच ‘आता एवढी एकच दुरुस्ती बाकी आहे’ असे आश्वासन देताना अनुभवी अभियंता अडखळतो.

उदाहरण म्हणून सर्वांना ठाऊक असलेले एक उपकरण घेऊ. जून २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बाजारात आला. त्याला वीज देण्यासाठी यूएसबी-सी जोडणी होती. या जोडणीच्या नियमानुसार वीज घेणाऱ्या उपकरणाने सीसी नावाच्या दोन पिनांपैकी प्रत्येकीला ५.१ किलोओहमचा स्वतंत्र रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) लावायचा असतो. त्या बोर्डावर दोन्ही पिना एकत्र करून त्यांना मिळून एकच रेझिस्टर दिलेला होता. साध्या केबलवर त्यामुळे काहीच बिघडत नव्हते आणि बोर्ड व्यवस्थित चालू होत होता. परंतु ज्या केबलमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप असते, तशी केबल लावली की चार्जर समोरच्या उपकरणाला ऑडिओ अ‍ॅडाप्टर समजत असे आणि वीज देतच नसे. दोष लक्षात आल्यावर तो मान्य करण्यात आला आणि बोर्डाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्तही झाला. यात कुणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही, उलट इतक्या कसलेल्या लोकांच्या हातून आणि चाचण्यांतून हे निसटू शकते, हेच मला दाखवायचे आहे. मोजके पैसे पडणाऱ्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या एका रेझिस्टरचा प्रश्न होता, आणि तो सुटायला नवा बोर्ड काढावा लागला.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराच्या गणितातला दोष उघड झाला आणि त्यापोटी कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. जानेवारी २०११ मध्ये त्याच कंपनीच्या एका चिपसेटमधला (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपमधला) दोष जाहीर झाला. हा दोष आमच्या दृष्टीने अधिक बोलका आहे, कारण त्या चिप पहिल्या दिवशी पूर्णपणे नीट चालत होत्या. हार्ड डिस्क जोडण्याच्या काही पोर्टची कामगिरी काळाच्या ओघात खालावत जाणार होती आणि त्याचे मूळ एका ट्रान्झिस्टरपाशी होते. दुरुस्ती व बदली मिळून सुमारे ७० कोटी डॉलर खर्च येईल, असा अंदाज कंपनीने तेव्हा दिला होता. एवढ्या मोठ्या संस्थेने तो धक्का पचवला. ज्या उद्योजकाची सगळी बचत पहिल्या हजार नगांत अडकली आहे, त्याला त्याच्या प्रमाणात शतांश धक्काही पेलवणार नाही.

मग या चुका आधी का दिसत नाहीत, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर द्यायचे तर कपॅसिटरसारख्या, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या, साध्या भागापासून सुरुवात करावी लागेल. बोर्डावर जे तपकिरी रंगाचे बारीक चौकोनी तुकडे दिसतात, ते सिरॅमिक कपॅसिटर. समजा सर्किटमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा आहे. यादीत १० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट, एक्स५आर असा भाग मिळतो, आकाराने लहान असतो, जागाही वाचते, म्हणून तो ५ व्होल्टच्या रेषेवर बसवला जातो. सारे नियमानुसारच झाले. परंतु या जातीच्या सिरॅमिकवर स्थिर व्होल्टेज पडले की त्याची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, कमी होते आणि लहान आकारात ती निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. ‘एक्स५आर’ या नावातील अक्षरे तापमानामुळे होणाऱ्या फरकाची मर्यादा सांगतात, व्होल्टेजमुळे होणाऱ्या फरकाविषयी ती काहीच सांगत नाहीत. तो फरक उत्पादकाने दिलेल्या आलेखात असतो आणि तो आलेख उघडून पाहावा लागतो. न पाहिल्यास प्रत्यक्ष बोर्डावर १० ऐवजी ४ मायक्रोफॅरड उरतात, आणि तरीही टेबलावरचा नमुना चालतो. पुढे कधीतरी थंडीत, भार अचानक वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली जाते, प्रोसेसर रीसेट होतो आणि ग्राहक ‘मधूनच बंद पडते’ अशी तक्रार करतो. तक्रार अशा शब्दांत आली की फर्मवेअर, म्हणजे उपकरणातल्या चिपवर चालणारा प्रोग्रॅम, लिहिणारा आपला कोड तपासत बसतो आणि हार्डवेअरवाला आपले सर्किट, कारण दोघांच्याही टेबलावर ते यंत्र बंद पडायला तयार नसते.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गोष्ट याहून सरळ आहे, पण तीही कागदावर हिशेब केल्याशिवाय कळत नाही. त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, उदाहरणार्थ १०५ अंश सेल्सिअसला २००० तास असे आयुष्य दिलेले असते. तापमान दर १० अंशांनी उतरले की हे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे कपॅसिटरचे तापमान ६५ अंश राहिले तर सुमारे ३२,००० तास, म्हणजे अखंड चालू ठेवूनही साडेतीन वर्षांहून थोडे अधिक मिळतात. तोच कपॅसिटर गरम होणाऱ्या भागाला खेटून बसवला आणि त्याचे तापमान ८५ अंशांवर गेले, तर ८००० तास उरतात, म्हणजे अकरा महिने. दोन्ही बोर्डांचे सर्किट एकच, भागांची यादी एकच, प्रात्यक्षिकाच्या दिवशीचे वागणेही एकच. फरक केवळ लेआउटमधल्या काही मिलिमीटरांचा, आणि तो फरक विचारात घेण्यासाठी कुणीतरी एक पूर्ण दिवस बोर्डाच्या तापमानावर घालवलेला असावा लागतो.

विद्युतचुंबकीय उत्सर्जनाच्या, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींच्या, चाचणीविषयी मात्र मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण ग्राहकाशी सर्वाधिक वाद इथेच होतात. वीज ट्रॅकमधून जशी जाते तशी ती परतही येते आणि उच्च वारंवारतेला तिची परतीची वाट त्या ट्रॅकच्या नेमकी खालून, ग्राउंडच्या, म्हणजे बोर्डातल्या शून्य व्होल्टच्या तांब्याच्या, थरातून असते. दुसरा एखादा ट्रॅक नेण्यासाठी त्या थरात फट पाडली, तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि त्या वळशाचा अँटेना होतो. चिपच्या घड्याळाची (क्लॉकची) वारंवारता कमी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण त्रास सिग्नलच्या चढत्या-उतरत्या कडेच्या वेगामुळे होतो आणि आजच्या साध्या चिपसुद्धा नॅनोसेकंदात कड बदलतात. हवेतून होणाऱ्या उत्सर्जनाची मोजणी सामान्यतः ३० मेगाहर्ट्झपासून वर केली जाते. सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर सगळे छान दिसत असलेला बोर्ड प्रयोगशाळेतल्या त्या बंद खोलीत ठेवला की पडद्यावर मर्यादेच्या रेषेच्या वर गेलेली टोके दिसू लागतात. त्या वेळी ग्राहक विचारतो, ‘पण हे चालते आहे ना?’ चालते आहेच. मात्र शेजारच्या रेडिओला त्रास देत चालते आहे आणि म्हणून ते विकता येणार नाही. स्थिर विजेचेही तसेच. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणीच्या कडक पातळीला ८ किलोव्होल्टचा झटका थेट स्पर्शाने दिला जातो आणि त्याची कड एक नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात चढते. कनेक्टरपाशी संरक्षक डायोड आहे एवढ्याने भागत नाही, तो कनेक्टरच्या किती जवळ आहे आणि त्याची ग्राउंडला जाणारी वाट किती आखूड आहे, यावर सारे ठरते. या गोष्टी लेआउटच्या वेळी केल्या तर खर्च जवळजवळ शून्य असतो आणि नंतर केल्या तर गोंगाट शोषणारे फेराइट, धातूची कवचे, नवे बोर्ड, पुन्हा चाचणीचे शुल्क आणि हुकलेला हंगाम असा एकेक खर्च वाढत जातो.

भागांच्या उपलब्धतेविषयी थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे ‘असाही कासेई मायक्रोडिव्हायसेस’ या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि ध्वनिउपकरणांत वापरल्या जाणाऱ्या कन्व्हर्टर चिप मिळेनाशा झाल्या. मार्च २०२१ मध्ये ‘रेनेसास’ या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या जपानमधीलच ‘नाका’ येथील कारखान्यातही आग लागली. त्या काळात आधीच सर्वत्र चिपचा तुटवडा होता. तेव्हा जगभरच्या छोट्या सल्लागारांचे कितीतरी काम एकाच प्रकारचे होते, ते म्हणजे मिळत नसलेल्या चिपऐवजी मिळणारी चिप बसवणे. ऐकायला हे सोपे वाटते. पण पिनांची मांडणी जुळली तरी फर्मवेअर वेगळे लागते, चालू होण्याचा क्रम वेगळा असतो, चिपच्या ज्ञात दोषांची यादी वेगळी असते, आणि बदलानंतर वरच्या सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून कोणता भाग एकाच उत्पादकाकडे मिळतो आणि कोणत्याला पर्याय आहे, हा प्रश्न सर्किट काढतानाच विचारायला हवा. तो खरेदी विभागाचा प्रश्न मानला जातो, तिथेच घोटाळा होतो.

आता व्यवसायाच्या बाजूकडे वळते. स्वतंत्र सल्लागाराकडे काम येते ते बहुधा ‘बोर्ड चालू करून द्या’ अशा शब्दांत आणि ठरावीक रकमेत. करारातला शेवटचा हप्ता नमुना चालू होण्याशी बांधलेला असतो. त्यामुळे ज्या दिवशी नमुना चालू होतो त्या दिवशी दोघांचेही काम संपल्यासारखे होते, आणि डेटाशीटमधले आलेख, तापमानाचे हिशेब, परतीच्या वाटांची पाहणी, टेस्ट पॉइंटची (मोजणीसाठी ठेवलेल्या जागांची) सोय, कारखान्यात प्रत्येक बोर्ड तपासण्यासाठी लागणारे जिग या साऱ्याला ना वेळ उरतो ना मोबदला. जो सल्लागार हा वेळ दरपत्रकात मांडतो तो महाग ठरतो. जो मांडत नाही त्याला काम मिळते, आणि तो बिचारा एकतर रात्री जागून ते काम फुकट करतो किंवा करतच नाही. एका ग्राहकाने माझ्या दरपत्रकातून आराखड्याच्या तपासणीची ओळ खोडून ‘तुम्ही तज्ज्ञ आहात, मग तपासायचे कशाला?’ असे विचारले होते. प्रश्न प्रामाणिक होता आणि म्हणूनच त्याचे उत्तर जाहीरपणे द्यावे असे मला वाटते. आपण काढलेले सर्किट आपणच वाचताना डोळ्यांना तिथे जे असायला हवे तेच दिसते. ज्याने ते काढलेले नाही, अशा दुसऱ्या अभियंत्याने डेटाशीट उघडी ठेवून एकेक पिन पडताळणे, हा चूक पकडण्याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मोठ्या कंपनीत शेजारच्या टेबलावर असा माणूस बसलेला असतो. एकट्याने काम करणाऱ्याला तो बाहेरून आणावा लागतो आणि त्याचे मानधन द्यावे लागते. हे मानधन देण्याची प्रथा आमच्यात पडली नाही, याचा मला खरोखर खेद वाटतो.

दुसरी अडचण पहिल्या फेऱ्यात निघालेल्या दोषाचा खर्च कुणी सोसायचा याची. सल्लागाराची चूक असेल तर त्याने आपले श्रम पुन्हा द्यावेत, यात वाद नाही. पण ग्राहकाने मध्येच डबीचा आकार बदलला, कनेक्टर दुसऱ्या बाजूला मागितला किंवा बॅटरी मोठी केली, तर तो नवा फेरा आहे आणि त्याचा हिशेब निराळा मांडायला हवा. ‘जरा सरकवा’ असे सांगितलेला कनेक्टर सरकवताना त्याच्याबरोबर संरक्षक डायोड, ग्राउंडची वाट आणि बोर्डाच्या चार थरांतली मांडणी सरकते. पहिल्या बैठकीतच किमान दोन फेऱ्यांचा वेळ आणि खर्च धरून चालायला सांगितले, तर काही जण उठून जातात. राहतात त्यांच्याशी पुढे कटुता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

स्वातंत्र्याचाही एक मुद्दा आहे. सल्लागाराने एखाद्या विक्रेत्याकडून किंवा बोर्ड जोडणाऱ्या कारखान्याकडून दलाली घेतली, तर त्याने सुचवलेली चिप सर्किटसाठी आहे की दलालीसाठी, हे ग्राहकाला कधीच कळणार नाही. म्हणून ती घेऊ नये. त्याचप्रमाणे मोबदला पूर्ण मिळाल्यावर सर्किटच्या मूळ फाइल्स, भागांची पर्यायांसह यादी आणि चाचण्यांच्या नोंदी ग्राहकाच्या हाती द्याव्यात. मूळ फाइल्स अडकवून ग्राहकाला बांधून ठेवण्याची रीत काही ठिकाणी दिसते, ती मला मान्य नाही. आणि जे आपल्याला येत नाही ते येत नाही असे सांगावे. अँटेनाचे काम, उच्च दाबाच्या वीजपुरवठ्याचे काम आणि अतिवेगवान मेमरीचा लेआउट ही तीन वेगवेगळी कौशल्ये आहेत आणि ती एकाच माणसात क्वचित सापडतात.

नव्या अभियंत्यांविषयीही काळजी वाटते. सिम्युलेशनमध्ये सर्किट चालवणे त्यांना उत्तम येते. परंतु ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंडची लांब वायर काढून जागी आखूड स्प्रिंग लावली की पडद्यावरचा अर्धा गोंगाट नाहीसा होतो, म्हणजे तो गोंगाट सर्किटचा नव्हता, मोजण्याच्या पद्धतीचा होता, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात गुण नमुना चालण्यालाच मिळतात. तो चाळीस अंशांच्या तापमानात ठेवला का, वीज वारंवार घालवून पाहिली का, आणि बंद पडला तेव्हा कारण शोधून लिहून ठेवले का, या प्रश्नांना अर्धे गुण ठेवावेत, अशी महाविद्यालयांना माझी विनंती आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. नव्या उपकरणाची बातमी देताना वार्ताहरांनी निर्मात्यांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: आजपर्यंत असे किती नग बनवले, उत्सर्जनाच्या व सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या आहेत का, आणि मुख्य चिप मिळेनाशी झाली तर पर्याय कोणता आहे. निर्मात्यांकडे उत्तरे असतील तर त्यांच्या मेहनतीचा जो भाग आजवर छापला गेला नाही तो छापून येईल. उत्तरे नसतील तर बोर्ड कारखान्यात पाठवण्यापूर्वी ती शोधायला त्यांना अजून वेळ असेल.

आपली,
इलेक्ट्रॉनिक्स डिझाइन क्षेत्रातील एक स्वतंत्र सल्लागार